घरापासून लांब, उघड्यावरचा प्लग पॉइंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेच्या टोकाला, पंपापाशी, फाटकाजवळ किंवा मागच्या शेडमध्ये एक प्लग पॉइंट हवा असतो. काम दिसायला साधं असतं: एक केबल, एक पेटी, एक सॉकेट. पण घरातला पॉइंट वाढवणं वेगळं आणि हे वेगळं, कारण इथे अंतर आणि ओल या दोन्ही गोष्टी एकदम येतात. अंतरामुळे व्होल्टेज पडतं हे बहुतेकांना माहीत असतं. अंतरामुळे घरातली एमसीबीही (करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा स्विच) लंगडी पडू शकते, हे मात्र फार थोडे जण लक्षात घेतात. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर खाली सर्वांत सविस्तर दिलं आहे.

खालचे आकडे २३० व्होल्ट, सिंगल फेज आणि तांब्याची केबल धरून दिले आहेत. तुमच्याकडचे स्थानिक नियम याहून कडक असतील तर तेच पाळायचे.

घरातल्याच एखाद्या प्लग पॉइंटवरून वायर बाहेर ओढली तर चालेल का?

चालवू नका. त्या पॉइंटवर आधीच घरातला लोड असतो. शिवाय मेन बोर्डापासून तिथपर्यंतची वायर घरातल्या छोट्या अंतराच्या हिशोबाने टाकलेली असते, तिच्यापुढे आणखी ५०-६० मीटर जोडले की तो हिशोबच मोडतो. बाहेरच्या पेटीत पाणी शिरलं की घरातल्या त्या खोलीचीही वीज जाणार, आणि दोष शोधताना आत-बाहेर दोन्हीकडे चाचपडावं लागणार. लांबच्या पॉइंटसाठी मेन बोर्डातून स्वतंत्र सर्किट काढावं, त्याची एमसीबी वेगळी असावी आणि तिच्यावर नाव लिहिलेलं असावं.

एक्स्टेंशन बोर्डावर भागवलं तर?

दुपारभराच्या कामाला ठीक आहे. वायर पुरेशी जाड हवी, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवी आणि रीळ पूर्ण उलगडलेलं हवं. गुंडाळलेल्या रिळात आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही, जड लोड असेल तर इन्सुलेशन वितळतं.

कायमचं म्हणून नाही. उन्हाने वायरचं आवरण तडकतं, उंदीर कुरतडतात, वरून गाडी जाते, आणि प्लग-सॉकेटचा जोड पावसात गवतावर पडून राहतो.

केबल किती जाडीची घ्यावी?

आधी तीन गोष्टी ठरवा: तिथे जास्तीत जास्त किती अँपिअरचा लोड चालणार, मेन बोर्डापासून केबलची खरी लांबी किती (सरळ रेषेत नव्हे, भिंतीवरून उतरून, वळसे घेऊन, पेटीत चढेपर्यंत), आणि त्या लोडमध्ये मोटर आहे का.

तांब्याच्या दोन कोअरच्या केबलमध्ये, ती लोडने तापलेली असताना, दर अँपिअरला दर मीटरमागे साधारण इतके मिलिव्होल्ट पडतात: २.५ चौरस मिमीला १८, ४ चौरस मिमीला ११, ६ चौरस मिमीला ७.३ आणि १० चौरस मिमीला ४.४. यात जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा धरलेल्या आहेत, त्यामुळे पुन्हा दुप्पट करायचं नाही.

समजा ६० मीटर अंतर आहे आणि १६ अँपिअरचा लोड. २.५ च्या केबलमध्ये १८ × १६ × ६० म्हणजे सुमारे १७ व्होल्ट पडतील, साडेसात टक्के. हे फार झालं. ४ मध्ये साडेदहा व्होल्ट, साडेचार टक्क्यांच्या आसपास. ६ मध्ये ७ व्होल्ट, म्हणजे ३ टक्के. लोड फक्त दिवे आणि मोबाइल चार्जरचा असता तर २.५ ची केबलही पुरली असती. पण सॉकेट एकदा बसला की त्यात कोण काय लावेल हे आपल्या हातात राहत नाही, म्हणून हिशोब सॉकेटच्या पूर्ण क्षमतेवर करावा. व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आसपास राहावी आणि ५ च्या वर जाऊ नये, असा माझा आग्रह असतो.

मोटरचं गणित आणखी वेगळं. चालू असताना ६-७ अँपिअर घेणारा पंप सुरू होताना काही क्षण ३५ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. त्याच ६० मीटरवर २.५ च्या केबलमध्ये त्या क्षणी जवळजवळ ३८ व्होल्ट पडतात आणि मोटरला १९२ व्होल्टच मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे सुरुवातीचा जोर ३० टक्क्यांनी घटला. पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही, वाइंडिंग तापतं. लोक कपॅसिटर बदलतात, पंप बदलतात, आणि खरा दोष केबलच्या जाडीत असतो. ६ चौरस मिमीची केबल असती तर मोटरला सुरू होतानाही २१५ च्या आसपास व्होल्ट मिळाले असते.

काही देशांत पुरवठाच १२० व्होल्टचा असतो. तिथे तेवढ्याच वॉटसाठी करंट दुप्पट लागतो, आणि मूळ व्होल्टेज निम्मं असल्याने त्याच केबलमधली टक्केवारीतली घट चौपट होते.

जाड केबल सॉकेटच्या टर्मिनलमध्ये बसतच नाही. मग?

टोकाचे दोन-चार स्ट्रँड कापून ती बारीक करून बसवणारे असतात. तसं कधीही करू नये, कापलेल्या जागी वायर तापते. सॉकेटच्या मागे किंवा शेजारी टर्मिनल कनेक्टर असलेली जंक्शन पेटी घ्या. जाड केबल त्यात संपवा आणि तिथून सॉकेटपर्यंत २.५ किंवा ४ च्या वायरचे वीतभर तुकडे जोडा. एमसीबी १६ अँपिअरची असेल तर हे तुकडे सुरक्षित असतात.

अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते. घ्यावी का?

लांब अंतराला घेता येते, पण जाडी एक पायरी वाढवून: १० चौरस मिमी अॅल्युमिनियमचा रोध ६ चौरस मिमी तांब्याइतकाच असतो. अडचण टोकांची आहे. अॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो, आणि दाबाखाली ती तार हळूहळू पसरून स्क्रू सैल होतो. तांब्याशी थेट जोडली आणि ओल लागली की जोड गंजतो. बायमेटल लग (दोन धातूंचं जोडटोक) आणि अँटीऑक्साइड पेस्ट वापरणारा माणूस मिळणार असेल तरच या वाटेने जा.

लांबच्या टोकाला शॉर्ट झाला तर घरातली एमसीबी पडेलच ना?

पडेलच असं धरून चालू नका.

एमसीबी दोन रीतींनी पडते. थोडा जास्त लोड असेल तर आतली धातूची पट्टी तापून, सावकाश. मोठा शॉर्ट असेल तर चुंबकाने, क्षणार्धात. झटकन पडण्यासाठी खूप मोठा करंट वाहावा लागतो: १६ अँपिअरच्या बी प्रकाराच्या एमसीबीला ८० अँपिअर, आणि सी प्रकाराच्या एमसीबीला १६० अँपिअर मिळाले तरच खात्री. मेन बोर्डाजवळ एवढा करंट सहज वाहतो. लांबच्या टोकाला केबलचा स्वतःचा रोध त्याला अडवतो.

१०० मीटर अंतर आणि फेज व अर्थ दोन्ही २.५ चौरस मिमीच्या तारा घ्या. जाऊन-येऊन रोध दीड ओहमच्या आसपास होतो. मेन बोर्डापर्यंतच्या पुरवठ्याचा अर्धा ओहम धरला तर एकूण दोन. आता तिथल्या पंपाच्या बॉडीला फेज लागला तर ११५ अँपिअर वाहतील. सी प्रकाराची एमसीबी यावर झटकन पडेल याची हमी नाही, पट्टी तापेपर्यंत काही सेकंद जातील. आणि त्या सेकंदांत पंपाच्या बॉडीवर जवळजवळ ८५ व्होल्ट उभे असतील. अर्थिंग उत्तम असताना, सगळं नियमाने जोडलेलं असताना! ओल्या मातीत अनवाणी उभ्या माणसाचा हात त्या वेळी तिथे असेल, तर ते काही सेकंद फार मोठे असतात.

यावर तीन उपाय आहेत आणि ते एकत्र करायचे. केबल जाड घ्यायची: ६ चौरस मिमीला हाच करंट २०० च्या पुढे जातो. लोड परवानगी देत असेल तर बी प्रकाराची एमसीबी घ्यायची. मात्र मोटर सुरू होताना ती विनाकारण पडू शकते, म्हणून पंपाला बहुधा सी प्रकारच लागतो आणि मग जाड केबलला पर्याय उरत नाही. तिसरा उपाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती बाहेरच्या पॉइंटला असलीच पाहिजे, पहिले दोन उपाय केले असले तरीही.

काम झाल्यावर टोकाच्या सॉकेटवर अर्थ लूपचा, म्हणजे फेजने जाऊन अर्थने परतणाऱ्या पूर्ण वाटेचा, रोध मीटरने मोजून घ्या. सी १६ साठी तो १.४४ ओहमच्या खाली, बी १६ साठी २.८७ च्या खाली हवा. केबल तापल्यावर रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्ष मोजणी या मर्यादेच्या बरीच आत असावी.

घरापासून अर्थची तार न ओढता तिथेच जमिनीत रॉड ठोकला तर?

हा समज सगळीकडे आहे आणि धोक्याचा आहे. जमिनीतल्या एका रॉडचा रोध ५० ओहम असणं मुळीच नवल नाही, कोरड्या किंवा खडकाळ जमिनीत तो याहून कितीतरी जास्त असतो. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. एवढ्यावर १६ अँपिअरची एमसीबी जन्मात पडणार नाही. मशीनची बॉडी दिवसभर जिवंत राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

म्हणून अर्थची तार फेज-न्यूट्रलच्या सोबतीने, त्याच केबलमधून, मेन बोर्डाच्या अर्थ बारपर्यंत आलीच पाहिजे. टोकाला जादा रॉड ठोकून तो या तारेला जोडायला हरकत नसते. एक अपवाद आहे: काही ठिकाणी वीजपुरवठा यंत्रणा मीटरपाशीच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देते. अशा पुरवठ्यात घराचा अर्थ उघड्या जमिनीवर नेण्याबद्दल वेगळे नियम असू शकतात, आणि तिथे रॉड अधिक आरसीसीबी अशी रचना सांगितली जाते. तुमचा पुरवठा कोणत्या प्रकारचा आहे हे इलेक्ट्रिशियनने आधी पाहायला हवं.

टोकाला न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले तर अर्थची तार वाचते ना?

कधीही करू नका. न्यूट्रलमधून लोडचा करंट कायम वाहत असतो. वाटेत न्यूट्रल तुटला की जोडलेल्या यंत्राची बॉडी लोडमधून थेट फेजला जोडली जाते.

आरसीसीबी मेन बोर्डात बसवावी की बाहेरच्या पेटीत?

मेन बोर्डात, म्हणजे जमिनीतली अख्खी केबलही तिच्या पहाऱ्यात येते. पण संपूर्ण घराच्या आरसीसीबीच्या मागे हे सर्किट जोडू नका, नाहीतर बाहेरच्या पेटीत ओल आली की घरभर अंधार. या सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ घेणं मला सर्वांत बरं वाटतं. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम होतं. नुसती आरसीसीबी घेतली तर सोबत एमसीबी लागतेच, कारण आरसीसीबी जास्त लोड किंवा फेज-न्यूट्रल शॉर्ट ओळखत नाही.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट ताडून पाहते. फरक ३० मिलिअँपिअरला पोचला की मानकाप्रमाणे तिने ०.३ सेकंदाच्या आत पडायचं असतं. पण कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला आणि जमिनीकडे काहीच गेलं नाही, तर तिला फरक दिसत नाही. म्हणजे आरसीसीबी आहे म्हणून उघड्या वायरीला हात लावायला मोकळीक मिळत नाही.

तिच्यावरचं टेस्टचं बटण दर काही महिन्यांनी दाबा. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा आतून अडकून बसते.

आर्मर्ड केबल घ्यावी की पाइपातून वायर न्यावी?

थेट जमिनीत पुरायची तर आर्मर्ड. तिच्यावरच्या लोखंडी तारांच्या कवचामुळे कुदळीचा घाव, दगडाचा दाब आणि उंदरांचे दात यांपासून संरक्षण मिळतं. कवच अर्थला जोडलेलं असेल तर केबलमध्ये घुसलेली पहार फेजला लागण्याआधी अर्थला लागलेली असते, आणि सर्किट तुटतं. त्यासाठी टोकांना योग्य मापाचे ग्लँड (केबल पेटीत घट्ट धरणारे जोड) लागतात. कवच नुसतं कापून मोकळं सोडलेलं मी अनेक पेट्यांत पाहिलं आहे. तसं केलं तर महागडी केबल घेण्याचा निम्मा फायदा वाया जातो. केबल वळवताना वळणाची त्रिज्या तिच्या बाहेरच्या व्यासाच्या १२ पट तरी ठेवा.

पाइपाचा फायदा असा की उद्या केबल बदलता येते. पण जमिनीतल्या पाइपात पाणी साचतंच, बाहेरून शिरलं नाही तरी आतल्या हवेतली वाफ थंड होऊन साचते. त्यामुळे घरात वापरतो ती एकेरी पीव्हीसी वायर त्यात घालू नये, ओल्या जागेसाठी बनवलेली बाह्य आवरणाची केबलच घालावी. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड लावा आणि आत एक नायलॉनची दोरी जादा सोडून ठेवा.

चर किती खोल खणायचा?

वेगवेगळ्या देशांच्या नियमांत साधारण ४५ ते ७५ सेंटिमीटर. केबल थेट पुरलेली असेल, वरून वाहन जाणार असेल किंवा जमीन नांगरली जाणार असेल तर खोल. तळाला बारीक वाळूचा थर, त्यावर केबल, वर पुन्हा वाळू, मग विटा किंवा फरशीचे तुकडे, आणि जमिनीपासून वीतभर खाली ‘वीज केबल’ लिहिलेली धोक्याची पट्टी. पुढे कधी कुणी खणायला लागलं तर कुदळीला आधी पट्टी लागावी.

खणण्याआधी पाण्याची, गॅसची, टेलिफोनची लाइन कुठून गेली आहे हे पाहा. चर बुजवण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि घराच्या कोपऱ्यापासूनची मापं लिहून ठेवा. हे दहा मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात. पुढे झाड लावताना खड्डा कुठे खणायचा नाही, हे त्या फोटोशिवाय कुणालाच आठवत नाही.

केबल कमी पडली, जमिनीत जोड दिला तर?

शक्यतो अखंड केबलच आणा. पिळून टेप गुंडाळलेला जोड मातीत टिकत नाही. नाइलाज असेल तर रेझिन भरून सीलबंद करायचं जॉइंटिंग किट वापरा, किंवा जोड जमिनीवर पेटीत घ्या.

वरून, खांबावरून नेली तर?

खडकाळ जागी तोच मार्ग उरतो. उन्हात टिकणारी केबल घ्या. तिचा भार तिच्यावरच न टाकता ताणलेल्या पोलादी तारेला ती बांधत न्या, आणि खालून ट्रक किंवा शिडी जाईल एवढी उंची ठेवा. झाडाला बांधू नका, झाड हलतं आणि वाढतंही.

आयपी ६५, आयपी ५५ म्हणजे काय? कोणती पेटी घेऊ?

पहिला अंक धूळ-माती किती अडते ते सांगतो आणि दुसरा पाणी. दुसरा अंक ४ म्हणजे उडालेलं पाणी, ५ म्हणजे नळीची धार, ७ म्हणजे तात्पुरतं पाण्यात बुडणं. छपराखाली आयपी ४४ चालेल, उघड्या पावसात ५५ किंवा ६५ घ्या.

खरेदी करताना एक गोष्ट विचारा: प्लग लावलेला असताना झाकण बंद होतं का? कित्येक सॉकेटवरचं रेटिंग झाकण बंद असतानाचंच असतं. पंपाचा प्लग कायम लागलेला राहणार असेल तर ते रेटिंग काही कामाचं नाही. प्लगसकट बंद होणारं खोल झाकण घ्या.

पेटीला वरून भोक पाडू नका. केबल खालून, ग्लँडमधून आत घ्या. पेटी जमिनीपासून, आणि पावसात जिथवर पाणी चढतं त्या रेषेपासून, बरीच वर बसवा. शिवाय तिथेच एक डबल पोल आयसोलेटर ठेवा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.

वीज सोडण्याआधी काय तपासायचं?

चर उघडा असतानाच मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन तपासा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. १ मेगाओहम ही किमान मर्यादा आहे, पण नवी केबल याच्या शेकडो पट दाखवते. नव्या केबलचा आकडा २-३ मेगाओहम आला तर कुठेतरी आवरण सोललं आहे किंवा टोकातून ओल शिरली आहे. चर बुजवल्यावर पुन्हा एकदा तपासा, कारण माती लोटताना दगड लागतो. या चाचणीच्या वेळी आरसीसीबी, सर्ज प्रोटेक्टर आणि सगळी उपकरणं काढलेली असावीत.

वीज बंद आहे की नाही हे निऑन टेस्टरवर ठरवू नका. शेजारून दुसरी चालू केबल जात असेल तर बंद तारेवरही तो मिणमिणतो, आणि कधी चालू तारेवरही पेटत नाही. दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर घ्या. आधी चालू पॉइंटवर लावून तो नीट आहे ना ते पाहा, मग काम करायच्या जागी मोजा, मग पुन्हा चालू पॉइंटवर.

यातलं मी स्वतः किती करू शकतो?

जागा ठरवणं, चर खणणं, वाळू-विटा घालणं, फोटो आणि मापं ठेवणं. मेन बोर्डातली जोडणी, अर्थिंग आणि चाचण्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि मोजणीचे आकडे त्याच्याकडून लिहून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी याच पॉइंटवर चार्ज करता येईल का?

गाडी तासन्‌तास पूर्ण करंट ओढत राहते. बागेतल्या कामासाठी काढलेला पॉइंट त्यासाठी नसतो. चार्जरसाठी स्वतंत्र सर्किट काढा, आणि आरसीसीबीचा प्रकारही चार्जरच्या सूचनांप्रमाणे निवडा.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडते. दोष कुठे शोधू?

प्रथम बाहेरच्या सॉकेटमधले सगळे प्लग काढा. आरसीसीबी टिकली तर दोष उपकरणात आहे, बहुतेक वेळा पंपाच्या केबल जोडात किंवा जुन्या हीटरमध्ये. एकेक लावत गेलात की सापडेल.

प्लग काढूनही पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला मुख्य स्विच बंद करून पेटी उघडू द्या. तळाशी साचलेलं पाणी, टर्मिनलवरचा हिरवा थर, मुंग्यांचं घर यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं. पेटी कोरडी असेल तर केबल दोन्ही टोकांना सोडवून मेगर लावायचा.

आणि एक फसवं लक्षण: त्या सर्किटची सिंगल पोल एमसीबी खाली केली तरीही आरसीसीबी पडते. लोक म्हणतात, आरसीसीबीच खराब आहे. प्रत्यक्षात न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असतो. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि त्याच आरसीसीबीवरच्या बाकी लोडचा थोडा करंट त्या वाटेने जमिनीत निसटतो. या सर्किटचा न्यूट्रलही बारमधून सोडवून पाहायला सांगा. मग आरसीसीबी टिकली तर ती बदलायची गरज नाही, दोष बाहेरच्या केबलच्या न्यूट्रलमध्ये आहे.